अमृत विलासची भागीदारी

१८ नोव्हेंबर २००१ हा रविवार होता. त्या रात्री जेमिनी टीव्हीवर ‘अमृतम्’ ही तेलुगू मालिका सुरू झाली आणि बरोबर सहा वर्षांनी, १८ नोव्हेंबर २००७ च्या रविवारी संपली. भाग एकूण ३१३. म्हणजे जवळजवळ एकही रविवार न चुकवता हैदराबादचे दोन मित्र घराघरांत येत राहिले. एक अमृतराव ऊर्फ अमृतम्, दुसरा आंजनेयुलू, ज्याला सगळे अंजी म्हणत. दोघं शेजारी राहतात, नोकऱ्या सोडतात आणि भागीदारीत हॉटेल काढतात. हॉटेलचं नाव ‘अमृत विलास’. अमृतमच्या डोक्यात झटपट पैसा करण्याची नवी कल्पना शिरते, अंजी नको नको म्हणत तिच्यात ओढला जातो, दोघांच्या बायका कपाळाला हात लावतात आणि घरमालक भाड्यासाठी दारात उभा राहतो. एका भागाची गोष्ट त्याच भागात संपायची. पुढच्या रविवारी दोघं पुन्हा गल्ल्यापाशी हजर.

मी गेली कित्येक वर्षं हैदराबादेत छोट्या हॉटेलांचे हिशेब लिहितो. गाव माझं उदगीर. नारायणगुडा, हिमायतनगर, चिक्कडपल्ली, काचीगुडा या पट्ट्यातली टिफिन सेंटरं, मेस आणि कर्री पॉइंट ही माझी गिऱ्हाइकं. त्यामुळे ही मालिका मी हसत हसत पाहिली खरी, पण माझं लक्ष गल्ल्याकडे आणि भाड्याकडेच जायचं. या शहरातल्या एका धंद्याची आणि एका राहणीची अशी नोंद दुसऱ्या कुठल्या दफ्तरात झालेली नाही. सरकारी अहवालांत हायटेक सिटी सापडते. दोन मित्रांनी उसनवारी करून काढलेलं हॉटेल तिथे सापडत नाही.

हैदराबादचा विनोद आधीपासूनच हॉटेलच्या टेबलावर वाढलेला आहे. आबिड्सचं ओरिएंट हॉटेल आता नाही, पण जुन्या माणसांच्या बोलण्यात ते अजून येतं. कवी मख्दूम मोहिउद्दीन, पत्रकार, विद्यार्थी, चळवळीतली माणसं तिथे तासन्‌तास बसत. ‘जिंदा दिलान-ए-हैदराबाद’ ही विनोदी लेखक-कवींची संस्था साठच्या दशकात उभी राहिली आणि १९६८ पासून ‘शगूफा’ हे विनोदाला वाहिलेलं उर्दू मासिक निघू लागलं. मुज्तबा हुसैन हे त्याच पिढीचे. गुलबर्गा जिल्ह्यात जन्मलेल्या या लेखकाला २००७ साली पद्मश्री मिळाली. ‘अमृतम्’ संपली त्याच वर्षी.

बब्बन खान यांचं ‘अदरक के पंजे’ हे नाटक तर हॉटेलच्या टेबलावरून थेट जगभर गेलं. १९६५ साली हैदराबादेत त्याचा पहिला प्रयोग झाला आणि पुढे तीस वर्षांहून जास्त काळ ते चालत राहिलं. आठ मुलांचा बाप असलेला कारकून, पगार पुरत नाही, घरात पाय ठेवायला जागा नाही, एवढंच त्याचं भांडवल. माझ्या मते ‘अमृतम्’चं खरं आजोळ इथे आहे. पैसा कमी, माणसं जास्त आणि तरी घरातला हशा थांबत नाही, ही हैदराबादी विनोदाची जुनी बैठक. दख्खनी बोलीत रुजलेली ही बैठक ‘अमृतम्’ने तेलुगूत आणली.

इराणी हॉटेलांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे त्यांच्याबद्दल थोडक्यातच लिहितो. संगमरवरी टेबल, जाड काचेचे पेले, उस्मानिया बिस्कीट, कमी पैशांत कितीही वेळ बसण्याची मुभा. एक चहा दोघांत. बेकार पोरांसाठी ही हॉटेलं दुसरं घर होती. हिशेबनीस म्हणून मला मात्र त्यांची एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इराण्यांच्या हॉटेलांतही भागीदारी सर्रास असायची. एकट्याच्या जिवावर हॉटेल चालत नाही हे या शहराला फार आधी कळलं होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला जुनं हैदराबाद राज्य मोडलं. आमचा मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. मराठी घरं काचीगुडा, सुलतान बझार, इसामिया बाजार या भागांत तशीच राहिली आणि गुंटूर, विजयवाडा, राजमहेंद्रीकडून तेलुगू मध्यमवर्ग येऊ लागला. सचिवालयात, बँकांत, औषध कंपन्यांत त्यांच्या नोकऱ्या. त्यांना राहायला जागा हवी होती, आणि या शहराने त्यांना ‘पोर्शन’ दिला.

हैदराबादेत भाड्याने राहिलेल्या माणसाला पोर्शन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बंगलीवजा घर, मालक खाली किंवा पुढे, आणि उरलेल्या खोल्यांचे दोन-तीन तुकडे करून भाड्याने दिलेले. प्रत्येक तुकड्याला वेगळं दार, पण अंगण एक, नळ एक, गच्ची एक. फाटकावर टू-लेटची पाटी. त्यावर कधी ‘फक्त कुटुंबासाठी’, कधी ‘फक्त शाकाहारी’. करार अकरा महिन्यांचा. मुंबई-पुण्याकडच्या वाचकाला चाळ आठवेल, पण चाळीचा मालक सहसा चाळीत राहत नाही. पोर्शनचा मालक तुमच्या दारासमोर आरामखुर्ची टाकून बसलेला असतो. तुमच्याकडे कोण आलं, किती बादल्या पाणी घेतलंत, रात्री किती वाजता फाटक वाजलं, हे सगळं त्याला ठाऊक असतं.

पाण्याचं तर विचारूच नका. मालिका सुरू झाली त्या काळात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही ठरलेल्या वेळी. उस्मान सागर १९२० चा, हिमायत सागर १९२७ चा. मुसी नदीच्या पुरानंतर निजामाच्या काळात बांधलेले हे तलाव वाढत्या शहराला पुरत नव्हते, म्हणून मांजरा आणि सिंगूरहून पाणी आणलेलं. ही मांजरा म्हणजे आमचीच मांजरा. बीड जिल्ह्यात उगवते, लातूरकडून बिदरमार्गे तेलंगणात शिरते. गावाकडे आम्ही तिच्या पाण्याला तहानलेले आणि इथे आल्यावर तिच्याच पाण्यासाठी पहाटे उठून संपाचं झाकण उघडायला धावायचं. संप म्हणजे जमिनीखालची टाकी. त्या संपावरून, मोटर कोणाच्या मीटरवर चालते यावरून पोर्शनमध्ये जी भांडणं होत, त्यांतून मैत्रीही होत असे. माझी बायको तेलुगू शिकली ती या संपाच्या कडेला उभी राहून. कृष्णेचं पाणी २००४ साली आलं, तेव्हा कुठे जरा हायसं वाटलं.

अमृतम् आणि अंजी अशाच शेजाराने बांधलेले आहेत. त्यांचा घरमालक अप्पाजी हे पात्र शिवनारायण यांनी असं उभं केलं की भाडं मागायला येणाऱ्या म्हाताऱ्याला लोक अप्पाजी म्हणू लागले. अमृतरावची बायको संजीवनी, अंजीची शांता. हॉटेलात सर्वम, तो स्वयंपाकीही आणि वाढपीही. ते काम वासू इंटूरी यांचं. एवढी पाच-सहा माणसं, दोन घरं, एक हॉटेल. सहा वर्षं पुरली.

ही मालिका गुन्नम गंगाराजू यांच्या डोक्यातून आली. १९९६ साली ‘लिटल सोल्जर्स’ हा लहान मुलांचा चित्रपट केलेला हा माणूस. ‘अमृतम्’चे सुरुवातीचे भाग चंद्रशेखर येलेटी यांनी दिग्दर्शित केले आणि त्याच जोडीने २००३ साली चार बेरोजगार मित्रांवरचा ‘ऐते’ हा चित्रपट आणला. त्याला तेलुगूतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मालिकेचं शीर्षकगीत सिरिवेन्नेल सीताराम शास्त्रींचं, संगीत कल्याणी मलिक यांचं. शास्त्री हे तेलुगू चित्रपटगीतांतलं फार मोठं नाव. एवढ्या तालेवार कवीने एका विनोदी मालिकेसाठी मन लावून लिहिलं, आणि ते गाणं लोकांनी मूळ मालिकेइतकंच जपलं. रविवारी रात्री ते सुरू झालं की आमच्या गल्लीत एका घरातून दुसऱ्या घरात तोच आवाज जात असे.

अमृतरावचं काम सहा वर्षांत तीन जणांनी केलं. आधी शिवाजी राजा, मग नरेश, मग हर्षवर्धन. संजीवनीही बदलत गेल्या. प्रेक्षकांनी ते निमूट स्वीकारलं याचं कारण मला अंजीत दिसतं. गुंडू हनुमंतराव पहिल्यापासून शेवटपर्यंत अंजीच राहिले. गोल चेहरा, घाबरलेले डोळे आणि मित्राने काहीही सांगितलं तरी पाच मिनिटांत पटवून घेणारं मन. कल्पना काढणारा मित्र बदलता येतो. त्या कल्पनेवर विश्वास ठेवणारा बदलला असता तर मालिका कोसळली असती.

आपल्याकडे हे नातं चि. वि. जोशींनी फार आधी लिहून ठेवलं आहे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती जोडी घराघरांत नेली. ‘अमृतम्’ सुरू झाली त्याच २००१ मध्ये मराठीत ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली, तीही प्रभावळकरांच्याच लेखनावरची. आमच्या घरी दोन्ही बघितल्या जायच्या. टिपरे कुटुंब स्वतःच्या घरात सुखाने नांदणारं, मध्यमवर्गाची शिस्त असलेलं. अमृतम् आणि अंजी यांच्या पायाखाली स्वतःची जमीनच नव्हती. घर भाड्याचं, हॉटेल बेभरवशाचं. त्या वेळचं हैदराबाद पाहिलेल्या माणसाला हा फरक लगेच कळेल. इंग्रजी ‘फ्रेंड्स’ तेव्हा इथल्या कॉलेजच्या पोरांत लोकप्रिय होती. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं चाललेल्या त्या मालिकेतले मित्र कॉफीच्या दुकानात सोफ्यावर बसतात. आपले दोघे गल्ल्यामागे उभे असतात आणि गिऱ्हाइकाची वाट बघतात. माझा जीव या दोघांत अडकला.

आता धंद्याकडे येतो, कारण खरं बोलायचं आहे ते याबद्दल.

नव्वदच्या दशकात हैदराबादेत दोन मित्रांनी मिळून हॉटेल काढणं ही साथच आली होती. अमीरपेटेत संगणकाचे क्लास निघाले, खेड्यापाड्यांतून हजारो पोरं येऊन खोल्यांत राहू लागली. २२ नोव्हेंबर १९९८ ला माधापूरच्या सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं आणि गर्दी आणखी वाढली. या पोरांना खायला घालायचं कोणी? मेस निघाल्या, इडली-डोशाच्या बंड्या निघाल्या, आणि कर्री पॉइंट नावाचा अस्सल हैदराबादी धंदा गल्लोगल्ली पसरला. दहा फुटांचं दुकान, समोर पातेली मांडलेली. पप्पू म्हणजे वरण, सांबार, वांग्याची भाजी, गोंगुऱ्याची चटणी, सगळं पिशवीत बांधून द्यायचं. पोरं खोलीवर विजेच्या कुकरात नुसता भात लावायची आणि जाताना दोन पिशव्या घेऊन जायची. बसायला जागा नको, वाढायला माणूस नको, भांडी घासायला नकोत. थोड्या भांडवलात सुरू होणारा धंदा.

असेच दोघं एका संध्याकाळी आमच्या कार्यालयात आले. एक गुंटूरकडचा, औषधांच्या कंपनीत फिरतीवर होता. दुसरा महबूबनगरचा, हाताला चव असलेला. पहिल्याने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले होते, दुसरा पहाटे चारला उठून पीठ दळणार होता. मी भागीदारीचा मसुदा काढला. १९३२ चा भागीदारी कायदा सोपा आहे. नाव, पत्ता, भांडवल, नफा-तोट्याची वाटणी, बँकेत सही कोणाची. मग शेवटचं कलम आलं, भागीदारी मोडल्यास भांडी, अनामत आणि गुडविल यांची वाटणी कशी करायची. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि महबूबनगरवाला म्हणाला, “सार, वो कलम नक्को लिखो. अच्छा नै लगता.”

मी लिहिलं. ते लिहिणं माझं कामच आहे. फर्मची नोंदणी करून घ्या, असंही सांगितलं. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर कोर्टात दावा लावता येत नाही. दोघांनी मान हलवली आणि नोंदणी काही केली नाही. मित्रांच्या धंद्यात हे नेहमीचंच.

त्यांची वही मी दर महिन्याला बघायचो. उडीद डाळ, तांदळाचा रवा, शेंगदाणे, तेल, दूध, गॅस. सकाळची विक्री, संध्याकाळची विक्री. वहीच्या मागच्या पानांवर उधारी. आणि एक रकाना असायचा, त्यावर नुसतं ‘दोस्त’ लिहिलेलं. त्या दिवशी फुकट खाऊन गेलेल्या मित्रांचा हिशेब. महिन्याअखेरीस त्या रकान्याची बेरीज आणि नफ्याची बेरीज शेजारी शेजारी ठेवली की धंद्याचं दुखणं दिसायचं. मी एकदा तो आकडा बोटाने दाखवला. गुंटूरवाला शांतपणे म्हणाला, “हिसाब तो बराबर है सार. दोस्तां आते, इसीलिए दुकान भरी दिखती. खाली दुकान में कौन घुसता?”

त्याच्या म्हणण्यात धंद्याची अक्कल होती. हैदराबादेत भरलेलं हॉटेल बघूनच माणूस आत शिरतो. पण त्या अकलेला भाड्याची मर्यादा असते. मालकाने भाडं वाढवलं, दोघांनी वर्षभर ओढलं आणि मग दुकान बंद केलं. ते कलम उघडून बघायची वेळ आली नाही. मोठा ग्राइंडर महबूबनगरवाल्याने नेला, बाकी दुसऱ्याने काही मागितलं नाही. त्यांची मैत्री आजही टिकून आहे.

अशा दुकानांच्या वह्या वाचल्यावर ‘अमृतम्’ बघताना मला सतत वाटायचं की लिहिणाऱ्यांनी हे जवळून पाहिलेलं आहे. दोघांत भांडवल कमी आणि भरवसा जास्त, भाडं थकलेलं, एकच नोकर आणि तोच मालकांहून शहाणा. हा माझ्या रोजच्या कामाचा तपशील होता. विनोदासाठी तो वाढवून दाखवला असेल, पण मुळात खोटा नव्हता.

त्याच काळात जुन्या शहराच्या मित्रांनाही आपला चित्रपट मिळाला. कुंटा निखिल यांचा ‘द अंग्रेज’. चारमिनारच्या आसऱ्याला बसणारी इस्माईल भाई आणि सलीम फेकूची टोळी एका बाजूला आणि अमेरिकेहून परतलेले नव्या शहरातले तरुण दुसऱ्या बाजूला. धीर चरण श्रीवास्तव आणि मस्त अली यांची ती पात्रं, त्यांची दख्खनी, त्यांचं बसल्या जागी मोठमोठे बेत करणं. पुढे ‘हैदराबाद नवाब्स’ आला आणि दख्खनी चित्रपटांची रीघच लागली. मला एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. तेलुगू अमृत विलासच्या टेबलावर इस्माईल भाई कधी येऊन बसला नाही. खऱ्या हॉटेलांत अमृतम् आणि इस्माईल भाईसारखी माणसं रोज शेजारी बसून चहा पीत होती. पडद्यावर दोन्हीकडच्या हशाच्या वाटा वेगळ्या राहिल्या, आणि त्या एकत्र आणणारा लेखक या शहराला अजून मिळालेला नाही.

एप्रिल २००७ मध्ये आजूबाजूच्या बारा नगरपालिका आणि आठ ग्रामपंचायती एकत्र करून बृहत् हैदराबाद महानगरपालिका झाली. शहर सुमारे १७० चौरस किलोमीटरवरून सव्वासहाशेच्या आसपास गेलं. नोव्हेंबरात मालिका संपली. मार्च २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला. या दोन वर्षांत आमच्या भागातल्या पोर्शनच्या घरांचे मालक एकेक करून बिल्डरशी करार करू लागले. निम्मे फ्लॅट मालकाचे, निम्मे बिल्डरचे. अंगण गेलं, तिथे गाड्या उभ्या राहिल्या. भाड्याच्या पावत्या लिहून देणारा मालक जाऊन बँकेत परस्पर भाडं घेणारा मालक आला. तो कधी कधी न्यू जर्सीत असतो.

मालिकेला पुन्हा उभं करायचे प्रयत्न झाले. २०१४ साली गंगाराजूंनी ‘चंदमामलो अमृतम्’ चित्रपट काढला, त्यात हे मित्र हॉटेल घेऊन थेट चंद्रावर जातात. अमृतम् होते श्रीनिवास अवसराला. मला तो चित्रपट रुचला नाही. चंद्रावर घरमालक दारात बसलेला नसतो, आणि ज्याच्या डोक्यावर भाडं नाही तो अमृतम् मला ओळखीचा वाटत नाही. १९ फेब्रुवारी २०१८ ला गुंडू हनुमंतराव गेले. त्या दिवशी माझ्या ओळखीच्या हॉटेलवाल्यांत जेवढं बोलणं त्यांच्याबद्दल झालं, तेवढं मी मोठमोठ्या नायकांबद्दलही ऐकलेलं नाही. मग २५ मार्च २०२० ला, उगादीच्या दिवशी, झी फाइव्हवर ‘अमृतम् द्वितीयम्’ आली. अमृतम् हर्षवर्धनच, अंजी झाले एल. बी. श्रीराम.

उगादी म्हणजे आपला गुढीपाडवा. कोरोनाच्या टाळेबंदीचाही तोच पहिला दिवस. शहरातलं एकूण एक हॉटेल बंद. माझा फोन सकाळपासून वाजत होता आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, दुकान बंद आहे तर भाडं द्यायचं का? करारात अशा परिस्थितीचं कलम कोणीच लिहिलेलं नव्हतं, मीही नाही. चिक्कडपल्लीतल्या एका टिफिन सेंटरच्या दोन भागीदारांना मी म्हणालो, वकिलाकडे जाण्याआधी मालकिणीला फोन करा. सत्तरीच्या विधवा बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, दुकान उघडेपर्यंत निम्मं भाडं द्या, मात्र मला दोन्ही वेळचं जेवण पोचवा, माझी स्वयंपाकीण गावी अडकली आहे.

त्या दोघांनी मला विचारलं, हे वहीत कसं दाखवायचं? मी भाड्याच्या रकान्यात रोख आणि जेवण वेगवेगळं लिहायला सांगितलं. जून महिन्यात हॉटेलं उघडली तेव्हा बाईंनी पूर्ण भाडं सुरू केलं. जेवण आजही जातं, आता त्याचे पैसे बाई देतात.